शिलेदारांचा खेळ, बारगिरांचा जिल्हा

१ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरूच्या रेंजवर स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकावले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीसारख्या खेड्यातला, शिक्षकाच्या घरातला हा मुलगा. त्याच्या यशाने महाराष्ट्र हरखून गेला. अभिनंदनाचे फलक लागले, मिरवणुका निघाल्या, राज्य शासनाने एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. हे सारे उचितच झाले. पॅरिसमध्ये भारताला मिळालेल्या सहा पदकांपैकी तीन पदके नेमबाजीची होती, हे ध्यानात घेतले तर हा आनंद अवाजवी होता असे कोणी म्हणणार नाही.

परंतु गुलाल खाली बसल्यावर एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो कोणी विचारला नाही. कांबळवाडीच्या मुलाला जे साधले ते परंडा तालुक्यातील एखाद्या वस्तीवरच्या मुलाला साधावयाचे असेल, तर त्याने नेमके कोणते दार ठोठवावे?

या मुलाची बंदुकीशी पहिली भेट कोठे होते, हे पाहिले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडाईची यात्रा भरते, नवरात्रात आणि पुढे कोजागरीपर्यंत तुळजापूर माणसांनी फुलून जाते. तेथे पाळणे असतात, मिठाईची दुकाने असतात आणि एका कडेला फळकुटावर रंगीत फुगे टाचून बसलेला फुगेवाला असतो. त्याच्याजवळच्या जुनाट छर्‍याच्या बंदुकीची नळी बहुधा वाकडी असते, माशी हललेली असते. तरीही एखादा मुलगा पहिल्या दोन छर्‍यांत बंदुकीची खोड ओळखतो, नेम तेवढाच बाजूला धरतो आणि उरलेले फुगे ओळीने फोडून दाखवतो. भोवतालचे टाळ्या वाजवतात, फुगेवाला थोडा नाराज होतो आणि मुलगा आईबापांबरोबर घरी जातो. नेमबाजीच्या क्षेत्रात ज्याला ‘उपजत जाण’ म्हणतात, तिची परीक्षा या जिल्ह्यात अशी वर्षातून एकदा, यात्रेत होते. तिचा निकाल कोणाच्याही नोंदवहीत जात नाही.

खेळाची खरी अडचण

हवाई रायफलीचा खेळ बाहेरून जितका सोपा दिसतो तितका तो नाही आणि जितका अशक्य वाटतो तितकाही नाही. नेमबाज आणि लक्ष्य यांच्यात अंतर असते दहा मीटरचे. लक्ष्यफलकाची एकूण रुंदी साडेपंचेचाळीस मिलिमीटर. त्यातला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहून लहान. साडेपाच किलोपर्यंत वजनाची रायफल उभ्याने खांद्याशी धरून पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे मारावयाचे. प्रत्येक छर्‍याला जास्तीत जास्त १०.९ गुण. श्वास अर्धा सोडून रोखून धरावा लागतो, छातीतल्या ठोक्याने नळी हलते ती कळावी लागते आणि चाप ओढावयाचा नसतो, तो नकळत सुटावा इतक्या हलकेपणाने दाबावयाचा असतो. रागावलेल्या माणसाला हा खेळ खेळता येत नाही. एखादा छर्रा चुकला म्हणून मनात धुसफुसत राहिलेल्या खेळाडूचे पुढचे चारही छर्रे चुकतात. अंगातली रग जिरवण्यासाठी बंदूक हाती घ्यावी असे ज्याला वाटते, त्याला पहिल्या महिन्यातच कळून चुकते की येथे रगेचा काही उपयोग नाही.

मग अडचण कोठे आहे? अडचण जागेची नाही. दहा मीटर अंतर, नेमबाजाच्या पाठीमागे उभे राहण्यापुरती मोकळी जागा, छर्रे अडवणारी भक्कम मागची भिंत आणि बेताचा उजेड एवढ्यावर रेंज उभी राहते. गावातले एखादे पडून असलेले सभागृह, शाळेची मोठी खोली एवढ्यात पाच-सहा जणांची सोय होते. अडचण कायद्याचीही नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही. स्पर्धेची दहा मीटर रायफल याच मर्यादेत बसते. ‘बंदूक म्हटली की पोलीस ठाणे’ ही समजूत या बाबतीत निराधार आहे. मुलाला रेंजवर धाडण्यापूर्वीच अर्धे पालक या समजुतीने माघारी फिरतात, म्हणून ती स्पष्टपणे खोडून काढणे आवश्यक आहे.

अडचण आहे ती पैशाची. आणि पैशाची म्हणजे नेमकी कशाची, तेही सांगितले पाहिजे. आंतरराष्ट्रीय दर्जाची परदेशी बनावटीची हवाई रायफल लाखांच्या घरात जाते. तिच्या जोडीला कमरेला आणि पाठीला आधार देणारे जाड कापडाचे जाकीट, तसलीच विजार, सपाट तळाचे बूट, हातमोजा आणि रोज लागणारे छर्रे. सोयाबीनला भाव किती मिळेल यावर ज्या घराचे वर्ष ठरते, त्या घराने हा खर्च पेलावा ही अपेक्षाच हास्यास्पद आहे. कुसाळेला पुढे आणण्यासाठी त्याच्या वडिलांना कर्ज काढावे लागले, ही कथा पदकानंतर सर्व वर्तमानपत्रांनी डोळ्यांत पाणी आणून छापली. बापाच्या त्यागाचे कौतुक जरूर व्हावे. पण ऑलिंपिक पदकासाठी बापाला कर्ज काढावे लागत असेल, तर तेवढ्यापुरती ती समाजाची आणि शासनाची नामुष्कीची कथा आहे, हे कोणत्या अग्रलेखाने लिहिले?

येथे शिवकालीन लष्कराची एक व्यवस्था आठवते. स्वराज्याच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन येई. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार अशी त्यांची बांधणी होती. महाराजांचा ओढा शिलेदारांपेक्षा पागेकडे अधिक होता आणि त्यामागे केवळ शिस्तीचा विचार नव्हता. ज्याच्या घरी घोडा नाही, पण मांडीत घोडा दाबण्याची ताकद आहे, असा मावळातला आणि देशावरचा कुणब्याचा पोर पागेमुळे स्वार होऊ शकला. स्वराज्य केवळ घोडे बाळगणार्‍या घराण्यांच्या भरवशावर राहिले असते, तर काय झाले असते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको.

आज नेमबाजी हा शिलेदारांचा खेळ आहे. ज्याच्या घरात रायफल घेण्याची ऐपत आहे, तो मुंबई-पुण्याच्या रेंजवर उभा राहतो. धाराशिव मात्र बारगिरांचा जिल्हा आहे. येथे अंगात धमक आहे, डोळ्यात नेम आहे, पागा तेवढी नाही.

जेथे पागा उभी राहिली

पागा उभी राहिली की काय होते, याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत. कोल्हापूरच्या दुधाळीतील रेंज ही काही राजवाड्यासारखी वास्तू नव्हे. पण तेथे सराव करून तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली. रायफलीत असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१३ साली चांगवॉनच्या विश्वचषकात पिस्तुलात सुवर्ण मिळवले आणि २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणारी पहिली भारतीय महिला नेमबाज होण्याचा मान पटकावला. एक रेंज आणि जयसिंग कुसाळे यांच्यासारखा एक जिद्दी प्रशिक्षक, यांतून एका शहराला परंपरा लाभली. मुंबईची अंजली वेदपाठक, पुढची अंजली भागवत, राष्ट्रीय छात्रसेनेच्या वाटेने या खेळात आली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने हवाई रायफलीची अंतिम फेरी गाठली, २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळवली. पनवेलला सुमा शिरूर यांनी २००६ साली लक्ष्य शूटिंग क्लब काढला. २०२२ साली कैरोत हवाई रायफलीचा जगज्जेता ठरलेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा. नावे घेत जावे तसतसा नकाशा स्पष्ट होत जातो: मुंबई, ठाणे, पनवेल, पुणे, नाशिक, कोल्हापूर. बालाघाटाच्या डोंगररांगेकडे बोट सरकले की नकाशा कोरा होतो.

राज्याबाहेर पाहावे, तर मध्य प्रदेश शासनाने २००७ साली भोपाळला नेमबाजी अकादमी काढली. खेळाडूला रायफल, छर्रे, प्रशिक्षक, राहणे, जेवण सारे शासनाचे. खरगोन जिल्ह्यातील रतनपूर या खेड्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर त्या अकादमीतून पुढे आला. २५ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर हवाई रायफलीच्या सांघिक प्रकारात भारताने १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम करून सुवर्ण जिंकले. त्या संघात ठाण्याचा रुद्रांक्ष होता, दिव्यांश पंवार होता आणि खरगोनचा ऐश्वर्यही होता. यालाच पागा म्हणतात.

आणि शासनाची वाट पाहावयाची नसेल, तर उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यातल्या जोहडी गावाचे उदाहरण आहे. तेथे गावातच साधीसुधी रेंज उभी राहिली. नातीला सोडायला आलेल्या चंद्रो तोमर साठी उलटल्यावर स्वतःच नेमबाज झाल्या. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर त्यांच्यामागोमाग आल्या. प्रकाशींची मुलगी सीमा हिने २०१० साली विश्वचषकात शॉटगन प्रकाराचे पदक मिळवले. डोक्यावरचा पदर सावरत पिस्तूल रोखणार्‍या आजीबाईंवर चित्रपट निघाला तो मराठवाड्यातल्या चित्रपटगृहांतही चालला. तो पाहून किती गावांनी आपल्या रिकाम्या समाजमंदिराकडे नव्या नजरेने पाहिले, हा प्रश्न मात्र अनुत्तरित आहे.

बंदुकीचे भय आणि बंदुकीचे भांडवल

या विषयाला हात घातला की दोन दिशांनी अडथळे येतात. पहिला अडथळा पुरोगामी म्हणवणार्‍या मंडळींचा. हिंदू संघटनांच्या एखाद्या शिबिरात हवाई बंदूक दिसली की इंग्रजी वृत्तपत्रांना मथळा सापडतो आणि परिसंवादवाल्यांना विषय मिळतो. विजयादशमीचे शस्त्रपूजन हे यांच्या लेखी समाजस्वास्थ्यावरचे संकट असते. तीच हवाई बंदूक एखाद्या महागड्या इंग्रजी शाळेच्या क्रीडाविभागात दिसली की ती ‘एकाग्रतेचे साधन’ होते. या मंडळींना एक जुनी गोष्ट सांगावयास हवी. १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर. मूळ कोकणातल्या घराण्यातले, गुजरातेत वाढलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगात गेलेले हे गृहस्थ. त्यांच्या नावाची मावळणकर स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पूर्वपायरी म्हणून नेमबाजांच्या कित्येक पिढ्यांना ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर चार वर्षांत एका गांधीवाद्याला आपल्या देशातील तरुणांनी नेम धरावयास शिकावे असे वाटले, त्यात त्याला हिंसा दिसली नाही.

दिसणार तरी कशी? ती पिढी लॉर्ड लिटनचा १८७८ चा शस्त्र कायदा विसरलेली नव्हती. या कायद्याने गोर्‍याला मोकळीक ठेवून भारतीयाच्या हातातले शस्त्र काढून घेतले. स्वतः गांधीजींनी हा कायदा इंग्रजी राजवटीच्या कृष्णकृत्यांत सर्वात काळा ठरवला होता. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद केलेला आहे. डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी विद्यालय काढले, स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सैनिकीकरणाचा मंत्र दिला, तो याच अपमानाच्या जाणिवेतून. हिंदू समाजाच्या हातून हत्यार गेले त्याहून मोठे नुकसान झाले ते हत्याराविषयीचे ज्ञान आणि जबाबदारी जाण्याने. ज्याला शस्त्र माहीत नसते, तो एक तर त्याला भितो किंवा त्याच्याशी पोरखेळ करतो.

दुसरा अडथळा याच पोरखेळाचा आणि तो घरातला आहे. त्याबद्दल अधिक परखडपणे बोलले पाहिजे. वाढदिवसाचा केक तलवारीने कापावयाचा, गावठी कट्टा कमरेला लावून चित्रफीत काढावयाची, मिरवणुकीत नंग्या तलवारी नाचवून शिवरायांच्या नावाच्या घोषणा द्यावयाच्या आणि आठवडाभराने शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल झाला की आईबापांना पोलीस ठाण्याच्या पायर्‍या झिजवावयास लावावयाचे, हे शौर्य नव्हे. असल्या एका चित्रफितीपायी पोलीस भरतीचे दार मुलाला कायमचे बंद होते. पहाटे चार वाजता डांबरी सडकेवर धावणारी, भरतीची वर्षानुवर्षे तयारी करणारी मुले याच जिल्ह्यात आहेत. त्यांचे आदर्श कट्टेवाले ठरू नयेत, एवढी काळजी तरी हिंदुत्वाचा वारसा सांगणार्‍यांनी घ्यावयास नको काय?

आठ दिवसांच्या शिबिरात हवाई बंदूक हाती देऊन छायाचित्र काढले की कर्तव्य संपले, ही समजूतही सोडून दिली पाहिजे. छायाचित्रात सगळेच नेमबाज दिसतात. रेंजवर गुणफलक असतो आणि तो कोणाची भीड ठेवत नाही. शिबिरातल्या मुलांपैकी किती जण पुढच्या महिन्यात पुन्हा रेंजवर आले, किती जण जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत उतरले, विभागाला कोण गेले, हे मोजणारी वही ज्या कार्यकर्त्याजवळ नाही, त्याने सैनिकीकरणाचे नाव घेऊ नये. मुंजे यांनी विद्यालय काढले होते, शिबिराचे उद्घाटन करून ते थांबले नव्हते.

खर्‍या रेंजवरची शिस्त पाहिली तर शंका उरत नाही. रायफलीचे तोंड क्षणभरही लक्ष्याखेरीज दुसरीकडे वळवता येत नाही. नळी रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी घातल्याशिवाय बंदूक खाली ठेवता येत नाही. आज्ञा झाल्याशिवाय छर्रा भरता येत नाही, ‘थांबा’ म्हटल्यावर छर्रा सुटला तर स्पर्धेतून बाहेर जावे लागू शकते. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडावयाचा नसतो. हीच रायफल रेंजच्या बाहेर पाखरांवर रोखली तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, हे पहिल्याच दिवशी सांगितले जाते. ज्या मुलाला दोन वर्षे ही सवय लागली, तो मिरवणुकीत तलवार परजणार नाही. त्याला ते ओंगळ वाटेल.

धाराशिवला जमेल काय?

जमणार नाही असे म्हणणार्‍यांनी खो-खोकडे पाहावे. याच धाराशिवच्या सारिका काळे हिने २०१६ च्या गुवाहाटीतील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले आणि २०२० साली ती अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. घरची परिस्थिती बेताची, खेळ मातीतला, पाठीशी चंद्रजित जाधव यांच्यासारखा मार्गदर्शक. खो-खोला दोन खांब आणि मैदान लागते, तेवढे मिळाले आणि जिल्ह्याने देशाला कर्णधार दिली. नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीचा आखाडा भरला, तेव्हा माणसे, पैसा आणि व्यवस्था कमी पडली नाही. म्हणजे उणीव गुणवत्तेची नाही आणि संघटनशक्तीचीही नाही.

‘आधी पाण्याचे बघा, मग बंदुकीचे’ असे कोणी म्हणेल. दुष्काळ या जिल्ह्याने जितका सोसला तितका फार थोड्यांनी सोसला असेल. केंद्राने २०१८ साली महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आकांक्षित म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशीम यांच्याबरोबर याचा समावेश होता. पाण्याचा प्रश्न पहिला आहे, यात वाद नाही. पण पाण्याचे पैसे तोडून रायफली घ्या, असे कोण म्हणतो आहे? एका गणेशोत्सवात, एका जयंतीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर गावे जी वर्गणी उधळतात, तिच्यातून भारतीय बनावटीच्या साध्या हवाई रायफली आरामात येतात आणि राष्ट्रीय नियमांनुसार होणार्‍या प्रारंभिक प्रकारांत त्या चालतात. कानठळ्या बसवणार्‍या आवाजाला वर्गणी निघते. ज्या खेळात दोन ठोक्यांमधली शांतता ऐकावी लागते, त्याला का निघू नये?

पागा कशी असावी, हेही सांगणे कठीण नाही. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी अशा आठही तालुक्यांत क्रीडा संकुलात किंवा एखाद्या शाळेत दहा मीटरची एक खोली. तीत थोड्या रायफली, त्या कोणाच्या घरी जाणार नाहीत. नोंदवहीत सही करून घ्यावयाच्या आणि सही करून ठेवावयाच्या. हवाई रायफलीचा दस्ता मागेपुढे करता येतो, त्यामुळे एकच रायफल पाळीपाळीने अनेकांना पुरते. जाकीट मात्र अंगासरशी लागते, म्हणून खर्चाचा मोठा भाग तेथे धरावा. नवख्या आयोजकांचा हिशेब नेमका येथेच चुकतो. रेंज जिल्हा आणि राज्य रायफल संघटनेच्या नियमांखाली असावी, कोणत्याही मंडळाच्या वा पुढार्‍याच्या नावाखाली नसावी. आणि तिचे दार गावातल्या प्रत्येक मुलामुलीला उघडे असावे. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आरक्षणाच्या प्रश्नावरून गावागावांत जी तेढ माजली, शेजार्‍याने शेजार्‍याच्या दुकानात जाणे सोडले, त्या पार्श्वभूमीवर एका रांगेत उभे राहून एकाच रायफलीची पाळी पाहणारी मुले ही समरसतेची कोणत्याही व्याख्यानाहून मोठी शिकवण ठरेल. पंचाहत्तर मिनिटांत जातीचा रकाना कोठेही भरावा लागत नाही.

प्रशिक्षक हा यातला सर्वात अवघड भाग आहे. चांगली रायफल आणि वाईट प्रशिक्षक यांपेक्षा साधी रायफल आणि चांगला प्रशिक्षक केव्हाही बरा, कारण उभे राहण्याची चुकीची सवय एकदा लागली की ती मोडावयास शिकण्याहून दुप्पट वेळ जातो. पण सैन्यातून निवृत्त होऊन आलेले जवान या जिल्ह्यातही आहेत. बंदुकीची शिस्त त्यांच्या हाडात असते. स्पर्धेचे तंत्र त्यांना आणि उत्साही क्रीडाशिक्षकांना शिकवता येते. क्रीडा भारतीसारखी संघटना १९९२ पासून क्रीडाक्षेत्रात काम करते आहे, तिच्या कार्यकर्त्यांनी आठ तालुक्यांतून सोळा माणसे निवडून पुण्या-कोल्हापूरच्या प्रशिक्षकांकडे धाडली तरी आरंभ होईल.

आणि तुळजापूर? श्री तुळजाभवानी मंदिर संस्थान सैनिकी विद्यालय चालवते आणि संस्थानच्या अध्यक्षपदी जिल्हाधिकारी असतात. जिल्हा नियोजनाचा कारभारही त्यांच्याच कार्यालयातून हलतो. म्हणजे भाविकांनी आईच्या चरणी वाहिलेले धन आणि शासनाचा निधी, दोहोंच्या किल्ल्या एकाच मेजावर आहेत. शिवरायांना भवानीने तलवार दिली ही लोकश्रद्धा. त्या भवानीच्या पायथ्याशी असलेल्या सैनिकी शाळेत जिल्ह्याची पहिली पूर्ण सुसज्ज, इलेक्ट्रॉनिक लक्ष्यांची दहा मीटर रेंज उभी राहावी आणि ती सुटीच्या दिवशी बाहेरच्या मुलांनाही खुली असावी, ही मागणी अवाजवी आहे काय? भाविकाला पावती देताना संस्थानने सांगून पाहावे की हे पैसे रेंजसाठी आहेत. कोणीही हात आखडता घेणार नाही.

या भूमीला बंदुकीची ओळख नाही, असे कोणी समजू नये. नळदुर्ग आणि परंडा येथील बुरुज आणि तोफा आजही उभ्या आहेत. रझाकारांच्या काळात सरहद्दीवर कॅम्प उभारून लढलेली माणसे येथली होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि चार दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली. त्या निजामी राजवटीच्या नावाचे ओझे जिल्ह्याच्या माथ्यावरून उतरावयास २०२३ साल उजाडावे लागले. धाराशिव हे नाव परत मिळाले तेव्हा पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. पाटी बदलली, शिक्के बदलले, बसवरचे फलक बदलले. परंतु पाटीखालून रोज बाहेर पडणार्‍या मुलासाठी त्यानंतर काय बदलले, याचा हिशेब नामांतराच्या लढ्यातल्या प्रत्येकाने स्वतःशी मांडला पाहिजे. त्या मुलाला अत्याधुनिक रेंज पाहावयाची झाली तर अजून अडीचशे किलोमीटरवरच्या बालेवाडीची बस धरावी लागते.

अर्जुनाची आणि पक्ष्याच्या डोळ्याची गोष्ट प्रत्येक शाळेत सांगितली जाते. ती सांगणारे एक तपशील गाळतात. अर्जुनाला डोळा दिसला हे खरे, पण त्याआधी द्रोणाचार्यांनी झाडावर लाकडी पक्षी बसवला होता, धनुष्ये आणून ठेवली होती आणि प्रत्येक शिष्याला पाळी दिली होती. ज्याला त्यांनी पाळी दिली नाही, तो एकलव्य. तो रानात जाऊन मातीच्या पुतळ्यापुढे शिकला आणि त्याचे काय झाले, तेही सर्वांना पाठ आहे. एकलव्याच्या नावे पुरस्कार दिले जातात. परंड्याच्या, भूमच्या माळावरच्या एकलव्यांना पुरस्कार नको आहे, पाळी हवी आहे.

जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल, तेव्हा क्रीडा शीर्षाखाली आठ खोल्या आणि मूठभर रायफलींची मागणी कोणता लोकप्रतिनिधी मांडतो, मंदिर संस्थान काय ठरवते आणि ‘शस्त्रपूजन’ असा फलक लावणार्‍या मंडळांपैकी कोणते मंडळ यंदाच्या दसर्‍याला पूजेतल्या तलवारीशेजारी एक स्पर्धेची रायफल आणून ठेवते, हे पाहावयाचे. फुगेवाला मात्र कोणाच्या ठरावाची वाट पाहत नाही. तो चैत्रात येरमाळ्याला येईल, फळकुटावर फुगे टाचील आणि वाकड्या नळीची का होईना, पण बंदूक तो मुलांच्या हाती देईल.